मूळ भक्त

त्या डोंगराचं नाव मी सांगणार नाही. आता त्याला पायऱ्या झाल्या आहेत, खाली कमान झाली आहे, मोबाइलच्या नकाशात त्याच्यापुढे चांदण्या दिसतात आणि बदलापूर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं ‘डोंगरावर’ म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. तरीही नाही सांगणार. काकांनी मला शपथ घातली होती आणि ती त्यांनी अजून परत घेतलेली नाही.

मी बदलापुरात कात्रपला राहत होतो तेव्हा काका आमच्या वरच्या मजल्यावर होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणसं एकतर देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला. देवाशी काकांचं कधी जमलं नाही, त्यामुळे आम्हाला सेक्रेटरी मिळाले. पण जीव अडकला होता तो रानफुलांत. तोही वाटेल त्या रानफुलात नाही. पावसाळा सरताना सोनकी फुलून अख्खा डोंगर पिवळा होतो, आम्ही फोटो काढायला धावतो. काका त्या डोंगराकडे पाठ करून बसायचे. “फार गर्दी आहे,” म्हणायचे. गर्दी माणसांची नव्हे, फुलांची.

बागेतली फुलं त्यांच्या लेखी फुलंच नव्हती. गुलाबाला ते ‘लाडावलेलं कार्टं’ म्हणत. झेंडूवर तर खास राग. “झेंडू हे फूल नाही, तो धंदा आहे. किलोवर मिळतं ते फूल कसलं?” निवृत्तीच्या समारंभात कंपनीने त्यांना झेंडूचा हार घातला, तो त्यांनी तिथल्या तिथे काढून मॅनेजरच्या गळ्यात घातला. मॅनेजरचे डोळे भरून आले. एवढा विनयशील माणूस आपण इतकी वर्षं ओळखला नाही, असं तो भाषणात म्हणाला.

सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पाण्याच्या टाकीमागचं गवत कापणं बंद केलं. पावसाळ्यात ते कमरेएवढं झालं. सभेत तळमजल्यावरच्या वहिनी उठल्या, म्हणाल्या, “अहो, त्यात साप निघेल.” काका शांतपणे म्हणाले, “निघेल कशाला? असेलच.” त्या वर्षी ते पुन्हा बिनविरोध निवडून आले, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही.

माझी त्यांची गट्टी जमली ती माझ्या धंद्यामुळे. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस असो, निवड असो, श्रद्धांजली असो, येईल त्याला गोरा करायचा आणि बॅनरवर बसवायचा, हे आमचं काम. काका एक फोटो घेऊन आले. फुलाचा होता. त्यांना फुलाच्या मागचा डोंगर पुसून हवा होता.

“अहो, डोंगर तर छान आलाय,” मी म्हटलं.

“म्हणूनच पूस. सुळका ओळखता आला की रविवारी तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरेल.”

त्या दिवशी मला कळलं, की रानफुलांच्या मागे लागलेल्या लोकांची एक जमात असते आणि त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. तिथे फोटो सगळे टाकतात, जागा कोणी सांगत नाही. फार झालं तर ‘ठिकाण : सह्याद्री’ असं लिहितात. काकांना तेही उघडं पडल्यासारखं वाटायचं. ते लिहायचे, ‘ठिकाण : पृथ्वी, पश्चिम गोलार्ध’. गोलार्धही मुद्दाम चुकीचा.

पुढे पुसायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी काळी छत्री आणली. फूल सापडलं की ते छत्री उघडून त्याच्या मागे ठेवायचे आणि मग फोटो काढायचे. डोंगर नाही, झाडी नाही, नुसतं काळं कापड आणि पुढे फूल. पाऊस कोसळत असायचा, छत्री फुलामागे निवांत बसलेली असायची आणि काका नखशिखांत भिजत असायचे. घरी शिंका देत यायचे, तेव्हा काकू दारातच विचारायच्या, “छत्री नेली होतीत ना?”

फूल बघायला मला त्यांनी एकदाच बरोबर नेलं. आधी शपथ झाली. देवाची चालत नव्हती, आईची त्यांना जुनाट वाटायची, म्हणून लॅबमधल्या तराजूची. मग माझा मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. कात्रपहून रिक्षाने अंबरनाथ, तिथे रिक्षा बदलून पाइपलाइनच्या रस्त्याने भलतीकडे, मग एका टमटममधून उलटं मागे. चढ चढून धापा टाकत वर पोचलो, मान वळवली, तर खाली आमच्या सोसायटीची निळी टाकी. तो डोंगर रोज माझ्या गॅलरीतून दिसायचा.

“काका, इथे यायला अंबरनाथ कशाला?”

“मागावर कोणी असतं तर?” ते म्हणाले. मागे खरोखरच कोणी नव्हतं. एक म्हातारी बकऱ्या चारत होती. खाली वाकून चालणाऱ्या आम्हा दोघांना बघून ती म्हणाली, “काय हरवलाय रं तुमचा?” काका म्हणाले, “चष्मा.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, माथ्याच्या जरा खाली, अंगणाएवढी सपाट जागा होती. मागे कातळ, पुढे उतार. तिथे गवतात ते फूल होतं, ज्यासाठी एवढा सगळा खटाटोप. कंदीलपुष्प म्हणतात. त्याचे जातभाई पुष्कळ आहेत, पण ही जात त्या डोंगराबाहेर कुणी पाहिल्याचं काकांच्या ऐकिवात नव्हतं. बोटाच्या पेराएवढी हिरवट नळी, वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या, मधे फटी. हुबेहूब कंदील. काका पालथे पडून मला समजावत होते. माशी वासाने फटीतून आत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, म्हणून तिला परत वर येता येत नाही. फूल तिला कोंडून ठेवतं, पराग चिकटवतं, मग केस सुकतात आणि ती सुटते. मला आमच्या नगरपालिकेची आठवण झाली. तिथेही आत जाणं सोपं आहे. पण मग मी काकांचा चेहरा पाहिला. देवळात माणसं जसा चेहरा करायचा प्रयत्न करतात, तसा तो खरोखर झाला होता.

“हिला एकदा दाखवायचंय,” ते म्हणाले. ही म्हणजे काकू.

काकूंना त्यांनी फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “काळ्या कापडावर काय, काहीही छान दिसतं.” हे काकांना फार लागलं होतं. ते दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी तुला नेतो. पण तोवर काकूंचे गुडघे गेले. बाजारात जायचं तरी त्या जिना बसत बसत उतरायच्या, डोंगर कुठला चढणार? जन्मभर ज्याच्यासाठी घराबाहेर राहिलो ते बायकोने एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. बाकी जगाने बघू नये, ही दुसरी.

दुसरी इच्छा आधी धोक्यात आली. डोंगराच्या पायथ्याशी धबधबा आहे, तिथे रील काढणारी पोरं यायला लागली आणि हळूहळू वर सरकायला लागली. सपाट जागेवर बाटल्या दिसल्या. बकऱ्याही होत्याच. काका महिनाभर अस्वस्थ होते. एक दिवस खाली येऊन म्हणाले, “शेंदूर.”

“काय?”

“एक दगड उभा करायचा आणि शेंदूर फासायचा. पोरं तिथे प्यायला बसणार नाहीत. बकरी देवाला घाबरत नाही, पण बकरीवाली घाबरते.”

जन्मात उदबत्ती न लावलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी पाहतच राहिलो. पण लगेच लॅब आडवी आली. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. पावसात ओघळून मुळाशी गेलं तर फूल मरेल. मग ते हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि शिसं नसलेला, पावसाला दाद न देणारा केशरी ऑइलपेंट घेऊन आले. दगडाला आधी ब्रश मारून धुतलं, प्रायमर लावला, सुकवला, मग दोन हात रंगाचे, एक त्यांचा, एक माझा. कुठल्याही देवाची एवढी पूर्वतयारी कोणी केली नसेल.

युक्ती लागू पडली. पोरं खालीच थांबायला लागली, म्हातारी बकऱ्या दुसरीकडून न्यायला लागली. काका खुशीत होते. “श्रद्धा हे फार स्वस्त कुंपण आहे,” असं त्यांनी मला ऐकवलं.

पण एक गोष्ट लॅबवाल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. पावसाळ्यात डोंगरातल्या सगळ्या देवांचा शेंदूर ओघळतो. याचा ओघळेना. चार महिने पाऊस झोडपून गेला आणि हा आपला कालच रंगवल्यासारखा. आधी म्हातारीने ते चार जणींना सांगितलं. मग खालच्या गावात बातमी गेली, मग रिक्षा स्टँडवर. दगडाला सोंड आहे असं कोणाला तरी दिसलं, आणि एकदा दिसल्यावर सगळ्यांनाच दिसायला लागली.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. पाऊस संपला की ते फूल वरून नाहीसं होतं, कंद तेवढा जमिनीत झोपून राहतो. त्यामुळे काकाही उन्हाळ्यात तिकडे फिरकत नसत. मला कळलं ते दुकानात. मे महिन्यात एक ऑर्डर आली. शेठ म्हणाला, “बडा काम है, अच्छेसे बना. भगवान भी है, लीडर भी है.” मी फोटो उघडला. केशरी दगड. खालच्या कडेला ब्रशचा जो ओघळ राहिला होता, तो माझाच होता. वर लिहायचं होतं : ‘स्वयंभू, जागृत, नवसाला पावणाऱ्या श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार’. जे कधी बांधलंच नव्हतं त्याचा जीर्णोद्धार.

मी काकांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी रिक्षा बदलल्या नाहीत, सरळ वाटेने डोंगर चढले. मी मागे. वर सिमेंटचा चौथरा तयार होता, बरोबर फुलांच्या जागेवर. दगड मधोमध विराजमान, वर पत्रा. गावातले पुढारी, भाऊ, कामावर देखरेख करत उभे होते. बापजाद्यांची शेती विकून ते आता जमिनीचे व्यवहार करत आणि वॉर्डात त्यांचं वजन होतं. काका थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“हा दगड मी ठेवलाय,” ते म्हणाले.

भाऊंनी चपला काढल्या. “काय सांगताव काका.”

“देव नाही तो. मी रंग मारलाय त्याला. ऑइलपेंट आहे. डबा आहे माझ्या घरी.”

“डबा हाये?” भाऊंनी हात जोडले. “तर मग तो द्या ना आम्हाला. काचेच्या पेटीत ठेवू.”

“अहो, मी तुम्हाला सांगतोय, मी मुद्दाम...”

“तुम्ही नाय काका. त्यानं तुमच्याकडून करून घेतला.” आणि त्यांनी वाकून काकांच्या पायाला हात लावला. मागोमाग दोन गवंडी आले.

काका जितकं खरं सांगत गेले तितके ते मोठे भक्त होत गेले. बॅनरवर आमदारांच्या खाली, भाऊंच्या बाजूला त्यांचा फोटो आला. खाली दोन शब्द : ‘मूळ भक्त’. डिझाइन मीच केलं. शेठने सांगितलं म्हणून थोडा गोराही केला.

काकांनी त्यानंतर छत्री माळ्यावर टाकली. ग्रुपमधून निघून गेले. टाकीमागचं गवत कापायला माणूस आला, तर त्याला अडवलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटायचं. चेष्टा करायला माणूस ताठ लागतो.

काकूंचं मात्र उलट झालं. भाऊंनी डोंगराला पायऱ्या बांधल्या, बाजूला रेलिंग, मधे मधे बसायला बाकं. रिक्षा अर्ध्या डोंगरापर्यंत जायला लागली. काकूंची संकष्टी पक्की. बसत उठत, रेलिंग धरून त्या दर संकष्टीला वर जायला लागल्या. ज्या डोंगरावर काकांना त्यांना आयुष्यात नेता आलं नाही, तिथे त्यांना देवाने महिन्याच्या महिन्याला नेलं. श्रावण-भाद्रपदात काकाही बरोबर जायचे. देवाकडे पाठ करून पायरीवर बसायचे आणि चौथऱ्याच्या फटी भिंगातून बघायचे. एखादा कोंब येतो का. लोक म्हणायचे, मूळ भक्त देवाच्या पायाची माती शोधतायत. नमस्कार नाही, प्रसाद नाही, प्रदक्षिणा तर नाहीच. “मीच उभा करायचा आणि मीच फेऱ्या घालायच्या?” काका म्हणायचे. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या संकष्टीला मीही गेलो होतो. काका पायरीवर, भिंग हातात. काकू दर्शन घेऊन मागून फिरून आल्या आणि त्यांच्यापुढे हात करून म्हणाल्या, “नमस्कार नको तर नको. बाप्पाच्या डोक्यावरचं फूल तरी घ्या.”

काकांनी सवयीने मान फिरवली होती, ती परत वळली. काकूंच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा हिरवट कंदील होता.

“हे कुठून आणलंस?”

“मागून. चौथऱ्याला खणलेली माती त्यांनी मागे कातळापाशी ओतलीय ना, त्यात उगवतं. मी हेच वाहते.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. दरवर्षी येतं.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही शोधताय ते हे आहे होय?” काकू खरंच चकित झाल्या होत्या. “तुमच्या फोटोत ते ताटाएवढं होतं. हे तर केवढंसं. आणि तुम्ही कधी आलात मागे? एक प्रदक्षिणा घाला म्हणून दरवेळी सांगतेय.”

काका उठले. चपला काढायलाही ते विसरले नाहीत. आयुष्यातली पहिली प्रदक्षिणा घालायला ते देवळाच्या मागे गेले आणि रांगेत कुजबुज झाली. भाऊंनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. “शेवटी पावला,” कोणीतरी म्हणालं.

काका मागून परत येईनात. आम्ही गेलो, तर कातळ आणि चौथऱ्याच्या मधल्या बोळात ते पालथे पडले होते. मातीच्या ढिगावर कंदील लागले होते, पूर्वी गवतात होते त्याहून जास्त. काही प्रदक्षिणेच्या पायांखाली चिरडलेले होते. “इकडे ये, बस,” त्यांनी काकूंना सांगितलं. काकू गुडघा धरून कशाबशा टेकल्या. मग काकांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. माशी आत कशी शिरते, केस कसे असतात, ती कधी सुटते. काकू तीन वर्षं ती फुलं तोडत होत्या, पण ऐकत होत्या अशा, की आज पहिल्यांदाच बघतायत. काकांनी मधेच चष्मा पुसला.

“आता हे तोडायचं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग बाप्पाला काय वाहू?”

काका कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हणाले, “झेंडू वाहा. मी आणून देत जाईन.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच काका दारात. हातात कागद. त्यावर लिहिलं होतं : ‘या देवाला अर्धीच प्रदक्षिणा असते. भाविकांनी मागे जाऊ नये.’

“बोर्ड करून दे. मोठा,” ते म्हणाले.

“काका, गणपतीला अर्धी प्रदक्षिणा कुठे असते? ती शंकराला.”

“मूळ भक्त कोण आहे? तू की मी?”

मी कॉम्प्युटर चालू केला. काका जाता जाता दारातून परत फिरले.

“आणि रंग चांगला वापर,” म्हणाले. “पावसात उडता कामा नये.”